मने, रागावू नकोस पण सगळं वाच

मने,

पोचल्याचं प्रशांतरावांनी ग्रुपवर टाकलं, तुझा मेसेज नाही, म्हणजे राग अजून आहे. असू दे. रविवारी काकूंसमोर ईशूच्या कानांचा विषय निघाला म्हणून तुला लागलं, ते कळतं मला. पण फोनवर बोलायला गेलं की तू "बघू गं आई" म्हणून ठेवतेस, म्हणून हे चष्मा लावून एका बोटानं टाईप करत बसलेय, सवडीनं वाच. कानाचं मी यात काढणार नाहीये. ते बोलून झालंय एकदा.

मागच्या खेपेला तुझ्या ओट्यावर गुलाबी मिठाची बरणी बघितली होती, तेव्हा गप्प बसले. मने, त्या मिठात आयोडीन बहुतेक घातलेलंच नसतं गं. आयोडीन नाही तर थायरॉईड नीट चालत नाही, आणि थायरॉईड नीट नाही तर पोटातल्या बाळाचा नि लहान मुलाचा मेंदू पाहिजे तसा वाढत नाही. मेंदूचं जे नुकसान टाळता येण्यासारखं असतं त्यात जगात सगळ्यात पुढं हेच, असं आम्हाला अंगणवाडीच्या ट्रेनिंगला घोकून घेतलं होतं. गावात आम्ही किट घेऊन घरोघरी फिरायचो, मिठावर थेंब टाकला की ते निळं-जांभळं व्हायचं, न झालं तर त्या बाईला दुकानात पाठवायचो. आणि माझ्या स्वतःच्या लेकीच्या घरात बरणी अशी. साधं पुडीतलं आयोडीनचं मीठ आण, ते गुलाबी पाहुण्यांना दाखवायला ठेव.

दूध पण कमी कर ईशूचं. लिटरभर दूध पितो हे तू कौतुकानं सांगतेस, पण त्या वयाला अर्धा लिटर पुष्कळ झालं. पोट दुधानं भरलं की भाकरी-आमटीला जागा राहत नाही आणि दुधात लोह नसल्यासारखंच असतं. लोह कमी पडलं की पोर चिडचिडं होतं, लक्ष लागत नाही, शिकायला मागं पडतं. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत आपल्या महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभर मुलांत साठाच्या वर मुलांचं रक्त कमी निघालं होतं, ती काय सगळी झोपडपट्टीतली नव्हती, फ्लॅटातली पण होती. आम्ही आठवड्यातनं दोनदा एक-एक मिली लोहाचं सिरप द्यायचो, तुझ्या डॉक्टरांना विचार त्याला पाहिजे का, एकदा हिमोग्लोबिन पण बघून घ्या. अळिवाचे लाडू दिलेत ते तू एकटी संपवू नकोस. नाचणीची खीर कर, पालेभाजीवर लिंबू पिळ म्हणजे लोह अंगाला लागतं. अंड्याला आता आपल्या घरात पण कुणाची ना नाही, आज्जी गेल्यापासनं. आणि चहात बिस्किट बुडवून देणं बंद, हे प्रशांतरावांना तू सांग, मी सांगितलं तर बरं दिसणार नाही.

लेक्चर झालं ना. सवय आहे गं, सेविकेची रिटायरमेंट कागदावरच होते.

तुला आठवतं का २००५ चा पूर? तू दहा वर्षांची. हरिपुरात पाणी चढलं, जमिनीखालच्या हळदीच्या पेवांत शिरलं, तुझ्या बाबांचं तर तोंडच उतरलं होतं, आणि आपण सगळे त्या शाळेत जाऊन राहिलेलो. मी खिचडी आणि औषधाच्या गोळ्या यात गुंतलेली, तुझ्याकडं बघायला वेळ नव्हता. संध्याकाळी बघते तर तू वर्गाच्या कोपऱ्यात दहा-बारा बारकी पोरं गोळा करून बसलेली, बाटल्यांची झाकणं मांडून बाजार केलेला, एक गिऱ्हाईक, एक दुकानदार, आणि जो बोलत नव्हता त्याला तू ग्लास वाजवून हाक मारत होतीस. मॅडम आलेल्या पाहणीला, त्या म्हणाल्या ही पोरगी कुणाची. मी म्हटलं माझी. अजून आठवलं की ऊर भरून येतो, तुला कधी सांगितलं नसेल. तेव्हा तुझ्याकडं कसलं खेळणं नव्हतं, कसला कोर्स केला नव्हतास, आणि पोरांशी कसं खेळायचं हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. म्हणून तू ते "ब्रेन बूस्टर" पावडरचं आणि दोन वर्षांच्या मुलांच्या क्लासचं दाखवलंस ना, तेव्हा मला हसू आलं. पैसे घालवू नकोस त्यात.

पाच वर्षांपर्यंत मेंदू आकारानं मोठ्या माणसाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पोचतो. आणि या वयात त्यात जितकी जोडणी होते तेवढी पुढं कधी होत नाही, गरजेपेक्षा जास्त होते, मग जी वापरात राहते ती पक्की होते आणि बाकीची गळते, उसातली पायवाट चालणं बंद झालं की मुजते तशी. वापर म्हणजे फार काही नाही. त्यानं खिडकीकडं बोट करून "बा" म्हणायचं, तू म्हणायचं "हो रे, कावळा, बघ उडाला", मग थांबायचं, त्याचं काहीतरी यायची वाट बघायची, मग परत तू. मोबाईल बोलतो पण वाट बघत नाही ना कुणाची. मोबाईल समोर असला की पोळी जाते पोटात, खरंय, त्याला सांभाळणाऱ्या मावशींना पण सोपं पडतं, आणि तू सात वाजता दमून येतेस, कुठल्या तोंडानं सांगू. पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, त्यानंतर दिवसाला तासाच्या वर नको. व्हिडिओ कॉल चालतो हां, त्यात समोरचं माणूस खरं असतं. तेव्हा आजीचा कॉल कट करायला कारण नाही. आणि झोप त्याची अकरा ते चौदा तास व्हायला पाहिजे, दुपारची धरून, तो रात्री साडेअकराला तुमच्याबरोबर जागा असतो हे मला पटत नाही.

इंग्लिशचं पण एक. मराठी बोललं तर गोंधळेल म्हणून तुम्ही दोघं त्याच्याशी इंग्लिशच बोलता. दोन भाषांनी मूल उशिरा बोलायला लागतं असं काही नसतं. तुला ज्या भाषेत रडायला येतं, रागवायला येतं त्या भाषेत बोल त्याच्याशी. इंग्लिश काय, शाळेत गेला की येईलच.

आता बघ. पावणेदोन वर्षांचा झाला ईशू आणि मी मोजलेले शब्द हाताच्या बोटावर. दोनापर्यंत पन्नासएक शब्द आणि "पाणी दे" असं दोन शब्द जोडून यायला पाहिजे. तू म्हणतेस मुलं उशिराच बोलतात, प्रशांतरावांच्या आई म्हणतात प्रशांत पण तीन वर्षांचा होईपर्यंत मुका होता. असेल. पण मी शनिवारी त्याच्या मागनं ताटली आपटली, वळला नाही. तू म्हणालीस टीव्हीत गुंग होता. होता, मान्य. परत झोपाळ्यावर असताना हाक मारली, तेव्हा टीव्ही नव्हता.

काढायचं नाही म्हटलं होतं, निघालंच.

तुला दादामामाचं माहितीये. सगळे म्हणायचे पोरगा शांत आहे, सोशीक आहे, साधू होणार. माझी आई कृष्णेच्या घाटावर त्याला घेऊन बसायची आणि बायका म्हणायच्या किती गुणी. ऐकू येत नाही हे कळलं तेव्हा तो सहा वर्षांचा होता. तोपर्यंत बोलणं शिकायचं वय निघून गेलेलं, आणि आई त्यानंतर कधी घाटावर गेली नाही. त्यावेळी तपासायला सोय नव्हती, आता आहे आणि तू पुण्यात राहतेस.

तसलं काही नसेलही, बहुतेक नसेलच. त्याला सारखी सर्दी असते, सर्दीनं कानाच्या पडद्यामागं पाणी साठतं आणि पोराला सगळं दबकं ऐकू येतं, हे कितीतरी मुलांना होतं आणि बरं होतं. पण बघितल्याशिवाय कळणार कसं? जन्मल्यावर टेस्ट पास होती म्हणून सोडायचं नाही, ऐकणं नंतर पण कमी होऊ शकतं. झोपेत कानात छोटं यंत्र ठेवतात, ओएई म्हणतात त्याला, काही मिनिटांचं काम, दुखत नाही. त्यात शंका आली तर बेरा करतात, म्हणजे आवाज कानातनं मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. २०१३ पासनं आमच्या अंगणवाडीत वर्षातनं दोनदा डॉक्टरांची टीम यायची पोरं तपासायला, वाडीवरच्या पोरांची नजर, कान, दात सगळं बघून जायची, लागलं तर पुढं पाठवायची. वाडीवरच्या पोरांना मिळालं ते ईशूला मिळू नये का.

तू वाईट आई आहेस असं मी म्हणत नाहीये, रविवारी पण म्हणत नव्हते. नोकरी करून रात्री त्याला मांडीवर घेऊन पुस्तक दाखवतेस, ते बघितलंय मी. मला भीती वाटते एवढंच, आणि भीती वाटली की माझा आवाज चढतो, तुझे बाबा पण हेच म्हणायचे.

शनिवारची वेळ मिळते का बघ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची. मी शुक्रवारी कोयना एक्सप्रेसनं येते, मावशींना दोन दिवस सुट्टी दे, डबा मी करते. आणि प्रशांतरावांना सांग, जन्माच्या फाईलमध्ये कानाच्या टेस्टचा कागद आहे का शोधून ठेवा, निळ्या फाईलमध्ये असेल.

आई