चर कोणी साफ करायचा?

गौडा, नेदरलँड्स
9 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप नाना आणि सौ. आई यांच्या चरणी,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

भाऊबीजेच्या दिवशी फोनवर तुमचा आणि बापूचा जुंपलेला वाद अर्धवटच राहिला, आणि त्यात मला बोलायला जागाही मिळाली नाही, म्हणून हे पत्र. तुमचे म्हणणे असे की आम्ही कर भरतो, पाणीपट्टी भरतो, मत देतो, त्यापुढचे सारे सरकारचे काम आहे आणि ते होत नसेल तर देश मागे राहिल्याचा जाब सरकारलाच विचारला पाहिजे. बापूचे म्हणणे असे की लोकांना स्वतःच्या दारापुढची गटार साफ करायची नाही, सगळे फुकट हवे आणि शिव्या मात्र सरकारला द्यायच्या. दोघेही तावातावाने बोलत होता, आणि खरे सांगायचे तर दोघांच्याही बोलण्यातला अर्धा भाग मला पटत होता.

मी जिथे राहते तिथे या प्रश्नाची उकल रोज डोळ्यांसमोर असते. गौडा गावाजवळच देशातला सर्वांत खोल भाग आहे, समुद्रसपाटीपासून 6.76 मीटर खाली. देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे, म्हणजे बांध फुटला किंवा पंप थांबले तर आमचे स्वयंपाकघरच पाण्यात. हे पाणी सांभाळण्यासाठी इथे महापालिका आणि प्रांत सरकार यांच्याखेरीज पाणी मंडळे आहेत. ती तेराव्या शतकापासूनची आहेत. राइनलँडच्या मंडळाचा उल्लेख 1255 सालच्या सनदेत सापडतो. राजेशाही आली, नेपोलियनची सत्ता आली आणि गेली, पण मंडळे टिकली. आज अशी 21 मंडळे आहेत. त्यांचा कर वेगळा, त्यांची निवडणूक वेगळी, आणि त्या निवडणुकीत इथे कायदेशीर राहणाऱ्या परदेशी माणसालाही मत देता येते. मार्च 2023 मध्ये मीही मत दिले. बापूला हे सांगा की त्या निवडणुकीत जवळपास निम्मे मतदार घरीच बसले. तेव्हा इथले लोक काही देवाघरून शिस्त घेऊन आलेले नाहीत.

आमच्या घरामागे एक चर आहे. घर घेतले तेव्हा त्याच्या निम्म्या रुंदीची देखभाल आमच्या वाट्याला आली आणि पलीकडची निम्मी समोरच्या घराच्या. दर शरद ऋतूत मंडळाची माणसे पाहणीला येतात. त्याआधी प्रत्येकाने आपल्या बाजूचे शेवाळ आणि गवत काढून काठावर टाकायचे. गेल्या महिन्यात शेजारचे आजोबा लांब दांड्याचा दाताळा घेऊन गुडघाभर बुटांत उभे होते, आणि मी आमच्या बाजूचे चिखलाचे ढीग काठावर ओढत होते. काम केले नाही तर आधी पत्र येते, मग मंडळ स्वतः माणसे लावून चर साफ करून घेते आणि खर्च आपल्याकडून वसूल करते. मोठे कालवे, पंपघरे आणि बांध मात्र मंडळच बघते. मला यात सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे कोणता चर कोणी साफ करायचा हे नकाशासकट एका जाहीर नोंदवहीत लिहिलेले असते आणि ती कोणालाही पाहता येते. तुमच्या आणि बापूच्या वादाला इथे जागाच उरत नाही, कारण वहीत बोट ठेवले की उत्तर मिळते.

पूर्वी हा नियम फार कठोर होता. प्रत्येक शेतकऱ्याकडे बांधाचा एक तुकडा असे, आणि ज्याला तो राखणे झेपत नसे त्याने त्यात आपले फावडे रोवून जमीन सोडून निघून जायचे. जो ते फावडे उपसेल त्याची जमीन आणि त्याचीच बांधाची जबाबदारी. हे ऐकले की बापूला फार आनंद होईल. पण त्याने पुढची हकीकतही वाचावी.

31 जानेवारी 1953 च्या रात्री उत्तर समुद्रात वादळ झाले आणि उधाणाने झीलँड व दक्षिण हॉलंडमधले बांध ठिकठिकाणी फोडले. या देशात 1836 माणसे गेली. त्या काळात देशात अडीच हजारांहून अधिक लहान लहान पाणी मंडळे होती. कित्येक मंडळांकडे बांध उंच करण्याइतका पैसा नव्हता आणि शेतकऱ्यांवर जास्त कर लावण्याची तयारीही नव्हती. म्हणजे नागरिकांच्या हातात सारा कारभार असूनही बांध कमकुवतच राहिले. दुसऱ्या बाजूने सरकारही सुटत नाही. केंद्र सरकारच्या पाणी खात्यातले योहान फान फेन नावाचे अभियंता कित्येक वर्षे सांगत होते की बांध कमी उंचीचे आहेत, पण महायुद्धानंतर पैसा इतर कामांना लागत होता आणि त्यांचा इशारा मागे पडला.

त्याच रात्रीची एक गोष्ट इथून जवळच घडली. आयसेल नदीकाठच्या निउवेरकेर्क गावापाशी बांधाला भगदाड पडू लागले. त्या बांधामागे जवळपास तीस लाख लोकवस्तीचा प्रदेश होता. गावच्या महापौरांनी एका नावाड्याला, आरी एवेग्रून यांना, त्यांचे मालवाहू जहाज त्या भगदाडात घालायला सांगितले. त्यांनी जहाज पाण्याच्या ओढीत नेमके आडवे नेऊन बसवले आणि बांध टिकला. हुकूम सरकारी होता, जहाज आणि कसब माणसाचे होते. कोणाचे श्रेय किती, हे मोजायला त्या पहाटे तिथे कोणी थांबले नसावे.

पुरानंतर मात्र सरकारने जबाबदारी सरळ स्वतःकडे घेतली. 1958 मध्ये डेल्टा कायदा झाला, समुद्राचे फाटे बंद करणारी प्रचंड कामे सुरू झाली आणि लहान मंडळांचे एकत्रीकरण होत गेले. इथे तुमचा मुद्दा खरा ठरतो, नाना. समुद्र अडवणे ही शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वर्गणी काढून करायची गोष्ट नव्हे. तरीही लोक गप्प राहिले नाहीत. ऑस्टरस्खेल्डे नावाची खाडी धरण घालून कायमची बंद करायचे ठरले, तेव्हा तिथले शिंपले काढणारे मच्छीमार आणि पर्यावरणवादी यांनी विरोध केला, कारण खारे पाणी आणि भरती-ओहोटी थांबली तर त्यांचा धंदा आणि खाडी दोन्ही मरणार होते. शेवटी सरकारला बेत बदलावा लागला आणि एरवी उघडे राहून फक्त वादळात खाली येणारे 62 पोलादी दरवाजे बसवावे लागले. 1986 मध्ये ते पूर्ण झाले. खर्च वाढला, वेळ वाढला, पण खाडी जिवंत राहिली.

हे सारे वाचून तुम्ही म्हणाल, "ती श्रीमंत माणसे, त्यांचे वेगळे." म्हणून आपल्या पांझरा नदीचीच गोष्ट काढते. आपल्याकडची फड पद्धत ही या मंडळांची सख्खी बहीण आहे, आणि ती तुम्ही मला लहानपणी सांगितली नसती तर इथले काही मला कळलेच नसते. नदीवर बंधारा, त्यातून कालवा, कालव्याखालच्या जमिनीचे फड, आणि एका फडात सगळ्यांनी मिळून ठरवलेले एकच पीक. पाणी द्यायला पाटकरी, राखायला जागल्या, देखरेखीला हवालदार, आणि त्यांचा मोबदला धान्याच्या वाट्यात. हंगामाआधी जमिनीच्या प्रमाणात ज्याने त्याने कालव्यातला गाळ काढायचा. पाणी कमी असले तर कमी फड भिजवायचे, पण कोणाचेही सगळे रान कोरडे ठेवायचे नाही. हे तीन-चारशे वर्षे चालले, आणि त्यासाठी मुंबईहून कोणी साहेब आला नव्हता.

मग वर लाटीपाड्याचे धरण झाले, बंधारे गाळाने भरले, विहिरींवर मोटारी बसल्या. धरण नको होते असे मी म्हणत नाही. पण पाणी कधी आणि किती सोडायचे हे पाटबंधारे खात्याच्या हाती गेले, आणि पाटकऱ्याला आदल्या दिवशी काय घडणार तेही कळेनासे झाले. ज्याच्या हातात दरवाजाची किल्ली नाही त्याने गाळ काढायला का जावे? बापू ज्याला लोकांचा आळस म्हणतो त्याचा बराच भाग इथून सुरू झाला, असे माझे मत आहे. अधिकार काढून घेऊन वर जबाबदारीचा उपदेश करणे म्हणजे जुन्या काळची वेठबिगारच की.

पण सरकारने काही केले नाही, हेही मला मान्य नाही. 1972 च्या दुष्काळात आजीने खडी फोडली आणि कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून घरी आणली, हे तुम्हीच सांगता. ती कामे कोणा दात्याने काढली नव्हती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. पुढे 2005 चा देशभराचा रोजगार हमी कायदा याच वाटेने आला. आणि बापूला विचारा, त्याच्या पगारातून दरमहा 200 रुपये (फेब्रुवारीत 300) व्यवसाय कर कापला जातो तो मुळात कशासाठी लावला होता? शहरातल्या पगारदारांनी 1975 पासून तो भरायचा, त्यात सरकारने तेवढीच भर घालायची आणि त्यातून दुष्काळी गावातल्या माणसाला काम द्यायचे, अशी ती सोय होती. शहरातल्या नोकरदाराने गावाचा भार उचलला, पण तो सरकारच्या हातून. पावतीवरचा तो आकडा बापूने इतकी वर्षे पाहिला असेल. त्यामागे आपली आजी आहे हे त्याला कोणी सांगितले नसावे.

आपल्याच साक्री तालुक्यातले बारीपाडा पाहा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या लोकांनी उजाड झालेले रान राखायला घेतले, झाड तोडणाऱ्याला दंड लावला, आणि आज ते दाट जंगल आहे. या कामात पुढे असलेल्या चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. बापू लगेच म्हणेल, बघा, लोकांनी केले. खरे आहे. पण ती जमीन वन खात्याची होती, आणि खात्याने गावाला रानातून हुसकून लावायचे ठरवले असते तर राखण करणाराच गुन्हेगार ठरला असता. असे आपल्या देशात अनेक ठिकाणी घडले आहे. तिथे खात्याने गावाला राखू दिले, ही गोष्ट लहान नाही.

नाशिककडे वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेवटच्या टोकावर, ओझरच्या शेतकऱ्यांना पाणी पोचतच नव्हते. बापू उपाध्ये आणि भरत कावळे या कार्यकर्त्यांनी त्यांना एकत्र करून पाणीवापर संस्था काढल्या. पाणी मोजून घ्यायचे आणि त्यावर कोणते पीक घ्यायचे ते शेतकऱ्यांनी ठरवायचे, अशी पद्धत बसली. पुढे 2005 मध्ये राज्यानेच असा कायदा केला की सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे जावे. कायदा चांगला आहे. मात्र कित्येक संस्था कागदावर आहेत. खात्याने दुरुस्ती न करताच कालवे त्यांच्या गळ्यात घातले, आणि सभासदांनीही बैठकीला न जाता सही मात्र केली.

तेव्हा माझे मत विचाराल तर मी आधी सरकारकडेच बोट दाखवते, कारण कर घेण्याची, जमीन घेण्याची आणि पाणी अडवण्याची सत्ता त्याने स्वतःकडे ठेवली आहे, आणि जितकी सत्ता ठेवली तितका जाब त्याने दिला पाहिजे. नागरिकाची जबाबदारी त्यानंतर येते, पण ती नुसत्या मतदानावर संपत नाही. हिशेब मागणे आणि आपल्या वाट्याचा चर साफ ठेवणे या दोन्ही गोष्टी तिच्यात येतात. लोक बेसावध राहिले की इथलेही सरकार बिघडते. ग्रोनिंगेन प्रांतात दशकानुदशके नैसर्गिक वायू काढला, तिजोरी भरली, आणि भूकंपाच्या धक्क्यांनी घरांच्या भिंती तडकलेल्या लोकांचे म्हणणे वर्षानुवर्षे कोणी मनावर घेतले नाही. 2023 मध्ये संसदेच्या चौकशी समितीने तसे स्पष्ट म्हटले आणि त्याच वर्षी उपसा थांबला. त्या वायूवर घरे तापवणारे आम्ही बाकीचे त्या काळात काय करत होतो, हा प्रश्न इथे फारसा विचारला जात नाही.

आता कामाचे बोलते. आपल्या पाणीवापर संस्थेची वार्षिक सभा व्हायची असेल तर तुम्ही जरूर जा. खात्याने कालवा संस्थेकडे सोपवताना केलेल्या हस्तांतराच्या कागदांची आणि चाऱ्यांच्या, म्हणजे कालव्यातून शेतांकडे पाणी नेणाऱ्या पाटांच्या, नकाशाची प्रत मागा; कोणती चारी कोणाच्या देखभालीत आहे हे त्यात नसेल तर ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून लावण्याचा ठराव मांडा. पाणीपट्टी किती जमली आणि दुरुस्तीवर किती गेली याचे तीन वर्षांचे हिशेब मिळाले तर त्यांचे फोटो बापूला पाठवा. तो संगणकावर आकडे मांडून देईल. एक रविवार पुरे, आणि तेवढा त्याने द्यावा असे मी सांगितले म्हणा. चारीवर आपल्या शेताला लागून असलेला तुकडा मजूर लावून साफ करून घ्या, पैसे मी पाठवते. शेजारचे काका त्यावरून काही बोलले तर वाद घालू नका, त्यांना सभेला सोबत घेऊन जा.

आईचे गुडघे कसे आहेत ते कळवा. इथे थंडी सुरू झाली आहे.

आपली लेक,
माई