‘एंटर’ परिच्छेद संपल्यावरच दाबावा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

साहित्य युनिकोडमध्ये असावे, छायाचित्रे वेगळी जोडावीत, शब्दमर्यादा पाळावी, अशा सूचना लेखकांना नेहमी दिल्या जातात. त्यांत आणखी एकीची भर घालावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. संगणकावर लिहिताना एंटरची कळ परिच्छेद संपल्यावरच दाबावी, ओळ संपली म्हणून दाबू नये, एवढीच ती सूचना.

फोंडा तालुक्यातील आमच्या गावच्या जत्रोत्सवाची स्मरणिका गेली काही वर्षे मी संगणकावर जुळवतो. मजकूर कोणाच्या ईमेलमधून येतो, कोणाच्या पीडीएफमधून. तो वर्डमध्ये पेस्ट केला की प्रत्येक ओळ अर्ध्यावर तुटून खाली उतरते आणि पानाची उजवी बाजू पडक्या गडग्यासारखी दिसू लागते. त्यात अक्षर थोडे मोठे केले, तर एक ओळ पूर्ण, तिच्याखाली दोनच शब्द, पुन्हा एक ओळ पूर्ण, असा प्रकार पानभर चालतो.

यात दोष नेहमी लेखकाचाच असतो असे नाही. पीडीएफमध्ये कोणते अक्षर पानावर कोठे बसवायचे याची नोंद असते, परिच्छेद कोठे संपतो याची बहुधा नसते. त्यामुळे तेथून मजकूर उचलताना प्रत्येक ओळीच्या शेवटचा तुटकपणाही सोबत येतो. साध्या ईमेलच्या एका ओळीत ७८ हून अधिक अक्षरे नसावीत असाही एक जुना संकेत आहे आणि तो पाळणाऱ्या काही प्रणाली मजकूर पाठवतानाच ओळी तोडतात. तिसरे कारण मात्र आमच्या पिढीचे आहे. टंकलेखन यंत्रावर ज्यांचा हात बसला, त्यांना ओळ संपत आल्याची घंटी वाजली की डाव्या हाताने दांडी ओढून गाडा परत आणण्याची सवय होती. यंत्र गेले, घंटी गेली, पण ओळ कडेला पोहोचली की हात आपोआप एंटरकडे जातो.

तुटलेल्या ओळी बॅकस्पेस दाबत एकेक करून जोडणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत. पहिली दोन वर्षे मीही तेच करीत होतो. वास्तविक हे काम काही मिनिटांचे आहे. मूळ फाईलची प्रत बाजूला ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि आठ या कळा एकत्र दाबल्या की एरवी न दिसणाऱ्या खुणा दिसतात. ओळीच्या शेवटी उलट्या इंग्रजी पीसारखी खूण असेल, तर तेथे परिच्छेद तुटलेला असतो. वाकडा बाण असेल, तर परिच्छेदाच्या आत नुसती ओळ तोडलेली असते. कंट्रोल आणि एच दाबून उघडणाऱ्या फाइंड अँड रिप्लेसच्या चौकटीत पहिल्या खुणेसाठी टोपीचे चिन्ह (^) व त्याला लागून इंग्रजी लहान पी, तर दुसरीसाठी टोपी व लहान एल लिहावा. (तो एल आहे. एकचा आकडा समजून मी एक संध्याकाळ घालवली.)

सगळ्याच टोपी-पींच्या जागी स्पेस घातली, तर अख्खा लेख एकच परिच्छेद होऊन बसतो. म्हणून खरे परिच्छेद आधी राखून ठेवावे लागतात. दोन परिच्छेदांमध्ये रिकामी ओळ असेल, तर तेथे टोपी-पी लागोपाठ दोनदा आलेला असतो. त्या जोडीच्या जागी लेखात अन्यत्र नसलेली एखादी खूण, समजा तीन फुल्या, घालावी. मग उरलेल्या एकेकट्या टोपी-पीच्या जागी स्पेस द्यावी आणि शेवटी फुल्यांच्या जागी पुन्हा टोपी-पी आणावा. रिकामी ओळच नसेल, तर मात्र लेख वाचून परिच्छेद हातानेच पाडावे लागतात. वर्डऐवजी लिबरऑफिस वापरणाऱ्यांना टोपी-पी चालत नाही. तेथे रेग्युलर एक्स्प्रेशन्सचा पर्याय निवडून परिच्छेदाच्या शेवटासाठी डॉलरचे चिन्ह द्यावे लागते.

ओळीच्या शेवटी जोडरेघ देऊन तोडलेले शब्द या सगळ्याच्या आधी पाहावेत. ‘गोमंत-’ वरच्या ओळीत आणि ‘कातील’ खालच्या ओळीत असेल, तर ओळी जोडल्यावर ‘गोमंत- कातील’ असे विचित्र काहीतरी उरते. पण हे शब्द एकेक तपासूनच जोडावेत, कारण ‘आई-’ आणि ‘वडील’ यांच्यामधली रेघ लेखकाने स्वतः दिलेली असते.

मोडलेल्या ओळी सगळीकडेच नको असतात असेही नाही, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. दोन वर्षांपूर्वी एक लेख निवडून मी त्याच्या ओळी जोडल्या. उरलेल्या फाईलमध्येही शोधू का, असे वर्डने विचारले आणि मी घाईत ‘हो’ म्हटले. त्यासरशी आरती सलग गद्य झाली. जत्रेच्या रात्री होणाऱ्या नाटकाच्या पात्रयोजनेत एका ओळीत भूमिका आणि तिच्याखाली नट, अशी मांडणी होती. तीही सलग होऊन राजाचे काम करणाऱ्याच्या नावाला लागूनच ‘प्रधान’ हा शब्द छापून आला आणि प्रधानाच्या नावाला लागून ‘द्वारपाल’. द्वारपालाने ते हसण्यावारी नेले. राजाने अजून नेलेले नाही. म्हणून ओव्या, आरत्या आणि नामावल्या पाठवणाऱ्यांनी कडव्याच्या आतल्या ओळी शिफ्ट धरून एंटर दाबत तोडाव्यात. मग त्यांच्या शेवटी टोपी-एल येतो आणि टोपी-पी काढताना त्यांना धक्का लागत नाही.

सरकारी खाती व पंचायती यांनीही परिपत्रके आणि सूचना नुसत्या पीडीएफमध्ये न देता सोबत मूळ मजकुराची फाईल दिली, तर त्यांतील चार ओळी अर्जात उद्धृत करणाऱ्या नागरिकाचा त्रास वाचेल. आपल्याकडे मात्र मागणे लहान आहे. दिवाळी अंकासाठी साहित्य मागवणारे निवेदन प्रसिद्ध कराल, तेव्हा युनिकोडच्या सूचनेखाली एंटरविषयीचे हे एक वाक्य घालावे.

आपला विश्वासू,
एक वाचक, फोंडा