मित्रास पत्र : नववीच्या वर्गातून

पाटोदा, जि. बीड
डिसेंबर २०२५

प्रिय भागवत,
सप्रेम नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे. आईची साखर आटोक्यात आहे आणि माझ्या पाठीचेही बरे चालले आहे. हे पत्र मात्र एका मुलीसाठी लिहीत आहे, आणि ते तुलाच का, हे तुझ्या लगेच लक्षात येईल.

ती माझ्या नववीच्या वर्गात आहे. दिवाळी झाली की तिचे आईवडील ऊसतोडीच्या टोळीबरोबर साखर कारखान्याला जातात. घरी म्हातारी आजी, ही आणि सहावीतला भाऊ. पाणी भरणे, शेळ्यांचे पाहणे, भाकरी थापणे हे सारे उरकून ती चालत शाळेत येते आणि तिसऱ्या तासाला वहीवर डोके टेकून झोपते. तिला गणित येत नाही असे मुळीच नाही. ऑगस्टमध्ये, आई घरी असताना, बहुपदींची उदाहरणे हिनेच फळ्यावर सोडवून दाखवली होती.

गेल्या महिन्यात एका सोमवारी लोहाच्या निळ्या गोळ्या वाटल्या. ही गोळी जेवणानंतर घ्यायची असते; हिने घेतली आणि थोड्याच वेळात उलटी होऊन ती व्हरांड्यात बसली. मॅडमनी जवळ घेऊन विचारले, तेव्हा सकाळपासून पोटात चहाखेरीज काही नाही, असे कळले. भाकरी भावापुरती आणि आजीपुरतीच होते. त्यानंतर मी मधल्या सुट्टीत लक्ष ठेवले, तर तिचा भाऊ ताटलीतली अर्धी खिचडी डब्याच्या झाकणात काढून हौदामागे नेतो आणि ही तिथे उभ्याने खाते. ज्या आवारात मोठ्या पातेल्यात रोज खिचडी शिजते, त्याच आवारात हे घडते, कारण पोषण आहार आठवीपर्यंतच आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरताच. घरचा भार सर्वांत जास्त पडतो त्याच वर्षी मुलाचे शाळेतले जेवण बंद होते आणि नापासाची टांगती तलवार मात्र डोक्यावर असते, ही व्यवस्था मला कोणत्याही हिशेबाने पटत नाही.

आता मुख्य गोष्ट. मागच्या बैठकीत दहावीच्या निकालाचा विषय निघाला. शंभर टक्क्यांची परंपरा मोडू नये म्हणून नववीतल्या 'कच्च्या' मुलांचे दाखले वर्षअखेर पालकांच्या हाती द्यावेत आणि त्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगावे, असे ठरू लागले. त्या यादीत हिचे नाव आहे. मी उभा राहून विरोध केला. सर्वोच्च न्यायालयाने याच वर्षी जुलैमध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वे वाचून दाखवली, की शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. आमच्याकडे ते काम चित्रकलेच्या सरांच्या नावे लिहिलेले आहे. सर भले माणूस आहेत, पण त्यांना कोणी एक दिवसाचेही प्रशिक्षण दिलेले नाही. सूचनाफलकावर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक लावला आहे, तो लावायलाच हवा. परंतु या मुलीच्या घरातला एकमेव फोन वडिलांबरोबर उसाच्या फडात गेला आहे.

बी.एड.च्या वसतिगृहातले आपले भांडण तुला आठवत असेलच. विषय नीट शिकवला की शिक्षकाचे काम संपले, असे तू म्हणायचास. आणि शिंदे सरांनी रात्री वर्गाची किल्ली तुझ्या हाती ठेवली नसती तर तू इथवर आलाच नसतास, असे मी सुनावले तेव्हा तू अबोला धरलास. (अबोल्यातही माझ्याच डब्यातला ठेचा संपवत होतास, हे मी विसरलेलो नाही.) त्या भांडणात मी आजही माघार घेणार नाही. उपाशी, जागरणाने थकलेल्या मुलीला बहुपदी शिकवता येत नाहीत. आधी तिच्या पोटाचे आणि झोपेचे पाहावे लागते, आणि तेही शिकवण्याचेच काम आहे.

भागवत, पटावरून नाव उतरले की पुढे काय होते ते आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेत न जाणारी, वयात आलेली मुलगी आजीच्या भरवशावर सहा महिने कशी ठेवायची, या काळजीने बाप स्थळ पाहू लागतो. लग्न झाले की नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडीची एक जोडी होते, टोळीचा मुकादम उचल म्हणून आगाऊ पैसे देतो, आणि पुढच्या दिवाळीला मुलगी फडात असते. तुझ्या आक्काचे काय झाले ते मी तुला सांगायला नको. म्हणूनच ही गोष्ट दुसऱ्या कोणाला लिहिली नाही.

इथे काही बंदोबस्त केला आहे. मॅडम आणि आम्ही काही जण मिळून नववी-दहावीच्या अशा मुलांच्या दुपारच्या जेवणाचा खर्च उचलतो. ती सकाळी उशिरा आली तरी हजेरी मांडायची, असे मी वर्गापुरते ठरवले आहे. शाळा सुटल्यावर तासभर गणित घेतो, म्हणजे तिला घरी दिवा लावून बसावे लागत नाही. बैठकीचा निर्णय तूर्त लांबला आहे, पण वडिलांनी स्वतः दाखला मागितला तर माझे काहीच चालणार नाही.

तिचे वडील सध्या तुझ्या वाळवा तालुक्यातच तोडीला आहेत. नाव आणि ठिकाण फोनवर कळवतो. येत्या रविवारी त्यांना भेट. टोळी फडातून उशिरा परतते, म्हणून दिवेलागणीनंतरच त्यांच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर जा, आणि मुकादमासमोर हा विषय मुळीच काढू नकोस. कायद्याचा धाक घालू नकोस. ते अठराचे वय त्यांनाही माहीत आहे. तू कोणाचा मुलगा, कुठल्या कोपीत वाढलास आणि आज काय करतोस, एवढेच सांग. माझ्यासारख्याने सांगितलेले त्यांना मास्तरचे बोलणे वाटेल. दहावीपर्यंत दाखला काढणार नाही, एवढा शब्द त्यांच्याकडून घे. मुलीच्या आईशीही बोल, कारण स्थळाचा विषय मामाकडून आला आहे असे कानावर आहे.

तुझ्या बदलीचे कळले, आनंद झाला. रेणूचा पॉलिटेक्निकचा प्रवेश झाला का? वहिनींना नमस्कार. भेट झाली की रात्री कितीही वाजले तरी फोन कर.

तुझा,
विठ्ठल