संध्याकाळचे दोन तास : शालेय शिक्षणमंत्र्यांना एका आईचं खुलं पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मुलांना रोज संध्याकाळी बाहेर पडायला, खेळायला मोकळा वेळ मिळावा म्हणून हे लिहिते आहे. मी गुहागर तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या वाडीत राहते. मोठा मुलगा आठवीत, धाकटी चौथीत. त्यांचे बाबा नोकरीला मुंबईत. गणपती, शिमगा आणि मे महिन्यातले आठ-दहा दिवस एवढेच ते घरी असतात. एरवी घरात सासूबाई, मी आणि ही दोघं.

आमच्याकडे अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास पूर्ण भरती असते आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी पार ओसरतं. उधाणाच्या दिवसांतली ओहोटी लांब जाते, एरवी न दिसणारे वाळूचे पट्टे उघडे पडतात. थंडीच्या दिवसांत त्या वेळी वाडीतल्या बायका टोपल्या घेऊन तिसऱ्या, म्हणजे वाळूतल्या शिंपल्या, काढायला उतरतात. सासूबाईंचं वय सत्तरीच्या पुढे, तरी त्या अजून जातात. गेल्या थंडीत एका पौर्णिमेला मी आणि धाकटी त्यांच्याबरोबर गेलो. पायाच्या बोटांनी वाळू चाचपायची, टणक लागलं की उकिडवं बसून हात घालायचा, उठायचं, दोन पावलं सरकायचं, परत बसायचं. असं दीड तास. मग भरलेली टोपली कमरेवर घेऊन चिऱ्यांच्या पायऱ्यांची घाटी चढायची. माझी चौथीतली पोर हे सगळं न कुरकुरता करत होती, कारण आजी गोष्ट सांगत होती. लग्न होऊन आल्यावर पहिल्यांदा या खाडीत उतरताना आपण कशा घाबरलो होतो, ते. इतक्या वर्षांत हे मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. घरात बसून ते निघालं नसतं.

मुलगा आमच्याबरोबर नव्हता. तो क्लासला होता. सहावीत क्लास लागला तेव्हापासून तो आजीबरोबर खाडीवर गेलेला नाही.

त्याचा दिवस असा : साडेनऊला घर सोडतो, एसटीने हायस्कूल, पाचला शाळा सुटते, तिथूनच क्लास, सातनंतरची एसटी, घरी पावणेआठ. मग जेवण आणि गृहपाठ. दिवसभरात तो चालतो ते स्टॉपपर्यंत, तेवढंच. क्लासला मीच घातला आहे, हे मान्य करते. शाळेत गणित पुरेसं होत नाही आणि वर्गातली बहुतेक मुलं जातात, मग आपलं मागे पडेल या भीतीने घातला. तालुक्यातल्या कितीतरी आया याच भीतीपोटी मुलांना क्लासला घालतात.

गेल्या वर्षी त्याला चष्मा लागला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंबर सांगायच्या आधी विचारलं, हा रोज उजेडात किती वेळ असतो? मला उत्तर देता आलं नाही. नंतर मी वाचलं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ प्राथमिक शाळांमध्ये एक प्रयोग झाला, २०१५ साली त्याचे निष्कर्ष आले. निम्म्या शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर नेलं. तीन वर्षांत त्या मुलांपैकी सुमारे ३० टक्क्यांना लांबचा नंबर लागला, म्हणजे लांबचं अंधुक दिसू लागलं, बाकीच्या शाळांत सुमारे ४० टक्क्यांना. औषध नाही, उपकरण नाही, फक्त बाहेरचा उजेड. समुद्रकाठच्या मुलाला तो मिळू नये?

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते, त्यात आठवड्यातून तीन दिवस हाडं-स्नायू बळकट करणारी. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १४६ देशांच्या अभ्यासात ११ ते १७ वर्षांची ८१ टक्के मुलं त्यात कमी पडली. भारतातली सुमारे ७४ टक्के. शहरातल्या लोकांना वाटतं, कोकणातली पोरं काय, दिवसभर झाडावर नि पाण्यात. तसं आता राहिलेलं नाही. भातकापणी झालेल्या मळ्यात संध्याकाळी हुतूतू, लगोरी नाहीतर क्रिकेट चालायचं. मळा अजून आहे, खेळायला पोरं नाहीत.

शाळेत तरी खेळ होतो का? वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाच्या तासिका आहेत. प्रत्यक्षात त्या गणिताला, विज्ञानाला, नाहीतर परीक्षेच्या सरावाला जातात. शिक्षकांना मी दोष देत नाही. दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळायचे, वर ऑनलाइन माहिती भरायची, त्यात मैदानावर कोण उभं राहणार?

इथे मला कायद्याकडे बोट दाखवायचं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी आरोग्य व शारीरिक शिक्षणाचे अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, सांगितले आहेत, पण पटसंख्या १०० च्या वर असेल तरच. आमच्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांना शंभराचा पट कुठून आणायचा? वीस-पंचवीस मुलं असली तरी खूप. म्हणजे हा शिक्षक कोकणातल्या लहान शाळेला कायद्यानेच मिळत नाही. एका केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, सगळ्या शाळांची मुलं एकत्र मोजा आणि त्या केंद्राला एक फिरता क्रीडाशिक्षक द्या. आठवड्यातून दोनदा तो शाळेत आला तरी तो दिवस मुलं विसरणार नाहीत आणि ती तासिका गणिताला जाणार नाही.

दुसरं, पाऊस. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. शाळा सुरू होते तेव्हाच मैदान चिखलात जातं आणि सहामाही जवळ आली तरी मुलं पडवीत दाटीवाटीने बसलेली असतात. कायदा मैदान मागतो, पण कोकणात चार महिने मैदानाला छप्पर लागतं. बाजूंनी उघडी, वर पत्रे, खाली कोबा, एवढीच शेड. लंगडी, दोरीउड्या, मल्लखांब, झिम्मा-फुगड्या सगळं त्याखाली होईल.

आणि तिसरं, ज्यासाठी खरं तर लिहायला बसले. मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्याच विभागाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. तेव्हा घड्याळ बदलता येतं हे सिद्ध झालं. तसाच विचार संध्याकाळचा करा. शाळा सुटल्यावर शिष्यवृत्तीचे आणि इतर जादा तास नकोत. लागतीलच तर शाळेच्या वेळेत बसवा. खाजगी क्लासनाही आठवीपर्यंतच्या मुलांसाठी पाच ते सात ही वेळ मोकळी ठेवायला सांगा. आणि शनिवार-रविवारचा गृहपाठ असा द्या की घरातल्या मोठ्या माणसाबरोबर बाहेर पडावं लागेल : आजोबांबरोबर देवराईपर्यंत चालत जा, व्हाळ (ओढा) कुठून येतो ते बघून या. ज्यांचे बाबा मुंबईला आहेत त्यांना आजी आहे, काका आहे, शेजारी आहेत.

मी क्लासच्या सरांना विचारलं, अमावास्या-पौर्णिमेला याला सोडाल का? ते लगेच हो म्हणाले. पण प्रत्येक आईने एकेका सरांना असं विचारत फिरायचं का? म्हणून हे पत्र आपल्याला.

आपली,
एक आई
ता. गुहागर, जि. रत्नागिरी