ज्यांच्या किचनच्या वर आम्ही राहायचो, त्या झिओ आणि झियांना

प्रिय झिओ आणि झिया,

तुम्हाला मराठी वाचता येत नाही हे माहितीये, तरी मी हे मराठीतच लिहितेय, कारण इंग्रजीत लिहायला बसलं की दोन ओळींत थँक्यू संपतं आणि जे सांगायचंय ते राहूनच जातं. लेक म्हणाली आई तू तुझ्या भाषेत लिही, रविवारी मी त्यांना वाचून समजावून सांगते. आणि माझ्या माणसांनाही हे कळायला हवं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

वाचणाऱ्यांसाठी आधी एवढंच सांगते की झिओ म्हणजे इटालियनमध्ये काका आणि झिया म्हणजे काकू. आपल्या सवयीने मी पहिल्या आठवड्यात "काका" अशी हाक मारली तर झिया तोंडाला पदर, म्हणजे एप्रन लावून हसायला लागल्या, त्यांच्या भाषेत तो शब्द लहान बाळाच्या शीला वापरतात. तेव्हापासून झिओ.

आम्ही 2000 साली मॅनहॅटनच्या नदीपलीकडच्या जर्सी सिटीत आलो, जर्नल स्क्वेअरपासून चालत दहा मिनिटांवर, खाली तुमचं रेस्टॉरंट आणि वर दोन छोटे फ्लॅट, त्यातला मागचा आमचा. खाली चौदा टेबलं, लाल-पांढऱ्या चौकडीचे टेबलक्लॉथ, छताला जुना नक्षीचा पत्रा, आणि भिंतीवर सिनात्राचा फोटो. सिनात्रा शेजारच्या होबोकेनचा, 1915 चा जन्म, त्यामुळे आमच्या भागात इटालियन हॉटेल म्हटलं की तो भिंतीवर असायचाच, आपल्याकडे गल्ल्यावर साईबाबा असतात तसा. सकाळी सहाला तुम्ही ग्रेव्ही चढवायचात. जर्सीचे इटालियन टोमॅटोच्या लाल सॉसला ग्रेव्हीच म्हणतात हे मला तिथे कळलं. लसणाचा वास फळ्यांच्या फटीतून वर आमच्या बेडरूममध्ये यायचा आणि मला, मालवणातनं नुकत्याच आलेल्या, नोकरी करू न देणाऱ्या एच-फोर व्हिसावर घरी बसलेल्या, कोणी ओळखीचं नसलेल्या मुलीला, खाली माणसं उठलीत एवढ्यानेच बरं वाटायचं.

पहिल्यांदा खाली जेवायला आलो तेव्हा मेनूतलं काही कळेना म्हणून शेजारच्या टेबलावर जे दिसलं तेच मागवलं. लिंग्वीनी विथ क्लॅम्स. प्लेट आली आणि बघते तर तिसऱ्या! शिंपल्यांसकट, उघडलेल्या, खाली रस्सा, वर लसूण. मी रडायलाच लागले, तुम्हाला वाटलं काही चुकलंय, तुम्ही प्लेट उचलायला आलात. मग मी सांगितलं की आमच्याकडे ह्याच असतात, आई एकशिपी करते, अर्ध्या शिंपलीत मांस ठेवून ओल्या खोबऱ्याचं वाटण घालून. त्या रात्री आईला फोन केला तर ती पलीकडून ओरडतेय, "अगो, तिसरे खंय गावले तुका थंय?"

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

11 सप्टेंबर 2001. नवरा सकाळची पाथ ट्रेन पकडून वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरायचा आणि तिथनं दोन चौक चालत ऑफिस. आमच्या गल्लीच्या टोकाला उभं राहिलं की दोन्ही टॉवर दिसायचे, त्या दिवशी धूर दिसला. फोन लागत नव्हता. मी जिन्यात बसले होते, खाली येऊ की वर जाऊ कळत नव्हतं, तेव्हा झिया तुम्ही हाताला धरून आत नेलंत, टीव्हीकडे पाठ होईल अशा खुर्चीवर बसवलंत आणि हातात लसणाचा गड्डा दिलात, म्हणालात सोल. मी दुपारपर्यंत लसूण सोलला. किती गड्डे झाले असतील माहीत नाही, संध्याकाळपर्यंत अंगठे जळजळत होते. झिओ, तुम्ही दाराबाहेर टेबल टाकून पाण्याच्या बाटल्या आणि ब्रेड ठेवलात, कारण फेरीबोटींमधून उतरलेली माणसं नदीकडून चालत यायला लागली होती, अंगावर पांढरी धूळ, कोणी बोलत नव्हतं. त्या दिवशी लाखो माणसांना बोटींनी मॅनहॅटनमधून बाहेर काढलं हे नंतर वाचलं, आम्हाला तेव्हा फक्त एकच माणूस हवा होता. तो साडेपाचला आला, पॉलस हूकच्या धक्क्यावर उतरून चालत. त्याला तुम्ही आधी पाणी दिलंत, मग खुर्ची दिलीत, आणि मग त्याच्या समोर बसून तुम्हीच रडलात.

त्यानंतरचे आठवडे वेगळेच होते. 15 तारखेला ॲरिझोनात बलबीर सिंग सोढी यांना त्यांच्याच पेट्रोल पंपावर गोळी घातली, फक्त पगडी बघून. आमच्या भागातल्या बायका टिकली न लावता बाहेर पडायला लागल्या. जर्सी सिटीत जुन्या लोकांना 1987 आठवत होतं, भारतीयांना हाकलायला निघालेली ती टोळी, डॉटबस्टर्स, नावच आपल्या कुंकवावरून ठेवलेलं. मी दुकानात जायची बंद झाले. तर झिओ, तुम्ही रोज चार वाजता, गिऱ्हाईक यायच्या आधी, एप्रन काढून टोपी घालून खाली उभे राहायचात आणि माझ्याबरोबर किराण्याच्या दुकानापर्यंत यायचात. मी एकदा विचारलं की तुम्ही हे का करता, तेव्हा तुम्ही आत्याची गोष्ट सांगितलीत. डिसेंबर 1941 मध्ये अमेरिकेने नागरिकत्व नसलेल्या सहा लाख इटालियनांना शत्रूदेशाचे नागरिक ठरवलं होतं, 1942 मध्ये तुमच्या आत्याला पोस्टात जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागले, फोटोचं कार्ड जवळ ठेवावं लागलं, घरातला रेडिओ पोलिसांना नेऊन द्यावा लागला, आणि तेव्हा तिचा सख्खा भाऊ अमेरिकेच्या सैन्यात होता. तुम्ही सात वर्षांचे होतात, तिच्याबरोबर चालत गेला होतात. "तेव्हा मी तिचा हात धरून गेलो होतो, आता तुझी पिशवी धरतो," एवढंच म्हणालात. झिओ, मी इतिहासाची विद्यार्थिनी, बीएला होता माझा विषय, पण इतिहास म्हणजे काय हे मला त्या दिवशी त्या फुटपाथवर समजलं.

मग ऑक्टोबरपासून नवऱ्याच्या कन्सल्टिंग कंपनीने त्याला बेंचवर बसवलं आणि पगारच थांबवला. आमचं भाडं साडेआठशे डॉलर. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला, डिसेंबर आला. तो तुमच्यासमोर यायचं टाळायला लागला, मागच्या जिन्याने ये-जा करायचा. तुम्ही भाड्याबद्दल एक अक्षर काढलं नाहीत. उलट ख्रिसमस ईव्हला झिया वर आल्या आणि म्हणाल्या, आज खाली बंद आहे, घरचं जेवण आहे, त्या रात्रीच्या रिवाजाचे सात मासे करायचेत आणि मला क्लॅम्स उघडायला माणूस नाही.

माणूस होता हो, घरात नऊ जण होते. ते मला नंतर कळलं.

त्या रात्रीचं एक सांगायलाच हवं. मी वरून माझी विळी घेऊन आले, आईने सुटकेसमध्ये साड्यांत गुंडाळून दिलेली. तिसऱ्या अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवल्या म्हणजे त्यांचं तोंड सैल पडतं, आणि मी तुमच्या किचनच्या फरशीवर वर्तमानपत्र घालून बसले, एक पाय विळीवर, आणि पात्याच्या धारेवर शिंपली टेकवून एकेक उघडत गेले. तुम्ही, तुमचा मुलगा, तुमची ब्याऐंशी वर्षांची ती आत्या, सगळे गोल करून उभे. तुमचा तो छोटा क्लॅमचा चाकू हातात तसाच राहिला. आत्याने खुर्ची ओढून घेतली, वाकून बघितलं आणि इटालियनमध्ये काहीतरी म्हणाली, तुम्ही सांगितलंत की ती म्हणतेय, ही आपल्या गावची आहे. त्या तीन महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी मला कुठलीतरी म्हटलं होतं. सहा मासे तुमच्या पद्धतीचे झाले, बकाला म्हणजे खारवलेला कॉड, कॅलामारी म्हणजे माकूल वगैरे, आणि सातवी माझी एकशिपी. खोबरं डेसिकेटेड होतं पण कोणी तक्रार केली नाही.

भाडं आम्ही फेब्रुवारीपासून थोडं थोडं फेडलं. तुम्ही ते शाळेच्या वहीत पेन्सिलीने लिहायचात, पेनाने कधीच नाही.

2003 मध्ये लेक झाली तेव्हा आईला व्हिसा मिळाला नाही. बाळंतिणीला तेव्हा कोणी केलं तर झियांनी. पास्टिना, तो मोहरीपेक्षा जरा मोठा ताऱ्यांचा पास्ता, चिकनच्या पातळ सूपमध्ये शिजवलेला, वर एक अंडं फोडून ढवळलेलं आणि चमचाभर लोणी. आपली पेज असते ना, अगदी तीच जात. आजाऱ्याला, म्हाताऱ्याला, लेकराला. चाळीस दिवस रोज अकरा वाजता जिन्यात तुमच्या चपला वाजायच्या. लेक सहा महिन्यांची झाली तेव्हा तिचा पहिला घास पण तोच, आम्ही उष्टावण तुमच्या सहा नंबरच्या टेबलावर केलं. 2023 च्या जानेवारीत रोन्झोनी कंपनीने पास्टिना बनवणं बंद करतोय म्हणून सांगितलं तेव्हा इथे केवढी हळहळ झाली, आमच्या घरात वीस वर्षांची लेक भरलेल्या डोळ्यांनी चार दुकानं फिरून सहा डबे घेऊन आली.

असंच सगळं जातंय हो. मॅनहॅटनच्या लिटिल इटलीत 1950 साली दर पाचातला एक माणूस इटलीत जन्मलेला होता, 2010 च्या सुमाराच्या पाहणीत तिथे तसा एकही सापडला नाही. फॉर्लिनीज हे जुनं रेस्टॉरंट 2022 मध्ये बंद झालं. 1892 पासूनचं अलेवाचं चीजचं दुकान 2023 मध्ये ग्रँड स्ट्रीटवरून उठलं. थॉम्पसन स्ट्रीटवरचं नव्वदीला आलेलं रोक्को रेस्टॉरंट गेलं आणि 2013 मध्ये तिथे कार्बोन आलं, पदार्थ त्याच नावांचे, पण तिथे तुमच्यासारखा माणूस वहीत पेन्सिलीने काही लिहीत असेल असं मला नाही वाटत. लोक म्हणतात आता चवी बदलल्या. मला ते पटत नाही. तुमच्याकडे शुक्रवारी शेवटपर्यंत रांग असायची. बदललं काय तर तुमची मुलगी फार्मसिस्ट झाली आणि मुलगा टेक्ससला इंजिनिअर, आणि हेच तर तुम्हाला हवं होतं, त्यासाठीच चाळीस वर्षं सकाळी सहाला उठलात. आमच्या मुंबईत इराण्यांचं बऱ्याच अंशी हेच झालं, पोरं शिकली आणि गल्ल्यावर बसायला कोणी उरलं नाही.

मग कोविड. मार्च 2020 ला आत बसून जेवण बंद, 4 सप्टेंबरला परवानगी आली ती पंचवीस टक्क्यांची. चौदा टेबलांचे पंचवीस टक्के म्हणजे साडेतीन टेबलं. तुम्ही फोनवर तो हिशोब सांगितलात आणि नंतर बराच वेळ कोणीच बोललं नाही. तुमचे गुडघे, झियांचं हार्टचं. जानेवारीत बंद केलंत. न्यू जर्सीत दर तीन हजार वस्तीमागे एकच दारूचं लायसन्स मिळतं त्यामुळे जुन्या लायसन्सला सोन्याचा भाव, ते एका नव्या टॉवरवाल्याने घेतलं, बिल्डिंग दुसऱ्याने घेतली, आणि काचांना आतून ब्राऊन पेपर लागला. आम्ही तोवर एडिसनला राहत होतो, कधी त्या बाजूला गेलो तरी मी गाडी त्या गल्लीतनं न्यायची नाही.

आता तिथे डोसा मिळतो. आमच्या ओळखीतला एक जण म्हणाला, बरं झालं, आपलं काहीतरी आलं. मला ते फार लागलं. आपलं तिथे आधीपासून होतं ना, मी काय परक्याच्या दारात लसूण सोलत बसले होते?

पण मागच्या महिन्यात गेले शेवटी. गुंटूरचं तरुण जोडपं आहे, वरच्या मागच्या फ्लॅटमध्येच राहतात. छताचा पत्रा तसाच ठेवलाय, रंग दिलाय फक्त. आणि झिओ, किचनच्या खिडकीतून कोण दिसावं, तुमचा तो मेक्सिकोतल्या पुएब्लाचा कुक! वीस वर्षं तुमची ग्रेव्ही ढवळली तो आता तव्यावर डोसे घालतोय, हाताला वळण तेच, पळी मधून बाहेर गोल गोल. मला बघून बाहेर आला, मिठी मारली, तुमचे गुडघे कसे आहेत विचारलं. सांबार चांगलं होतं, मी दोनदा घेतलं.

त्या मुलीला मी सगळं सांगितलं, विळीचं, पास्टिनाचं, चार वाजताच्या टोपीचं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली की त्यांचा फोटो आहे का. होता माझ्याकडे, 2003 चा, तुम्ही दोघं दारात, झियांच्या कडेवर माझी लेक. मी तो मोठा करून फ्रेम करून दिला आणि तिने तो बिलिंगच्या काऊंटरमागे लावलाय, बालाजीच्या शेजारी. तुम्हाला न विचारता केलं. चालेल ना?

आम्ही रविवारी तुमच्याकडे टॉम्स रिव्हरला येतोय, अकरापर्यंत पोचू. रोन्झोनीचा एक शेवटचा डबा जपून ठेवलाय तो आणते. विळी पण आणतेय. तिसऱ्या मात्र तुमच्या नेहमीच्या कोळ्याकडनं घेऊन ठेवा, आणि अर्धा तास आधी फ्रीझरमध्ये टाका.

तुमची,
वरच्या मजल्यावरची