इशारा होता, तो पाहुण्यांपर्यंत पोहोचला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे २०२५च्या शेवटच्या आठवड्यात पावसामुळे कोकणात अडकलेल्या पर्यटकांच्या बातम्या आपल्या दैनिकात वाचल्या. त्यात आमचंही कुटुंब होतं. ‘अशा पावसात लोक जातातच कशाला?’ असं परतल्यावर अनेकांनी विचारलं, म्हणून हे पत्र.

शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि मृग लागला की कोकणात पाऊस, हा नेहमीचा हिशेब. त्यामुळे मुलांना समुद्र दाखवायचा तर मे महिनाच उरतो, आणि मालवण-तारकर्लीच्या खोल्या कितीतरी आधी धराव्या लागतात. यंदा मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि दुसऱ्याच दिवशी देवगडला पोहोचला. २६ तारखेला तो मुंबईत होता, जिथे तो एरवी ११ जूनच्या सुमारास येतो. त्याआधीच अरबी समुद्रातल्या कमी दाबाच्या पट्ट्याने दक्षिण कोकणाला झोडपायला सुरुवात केली होती. हवामान विभागाने त्याची सूचना वेळेवर दिली होती, हे मुद्दाम सांगते; ती आमच्यासारख्या पाहुण्यांपर्यंत पोहोचली नाही, एवढंच.

आम्ही मालवणजवळ ज्या काकूंच्या घरी उतरलो, त्यांची आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, तयारी अर्धीच झाली होती. आमसुलं अजून उन्हात घालायची होती, लाकूडफाटा पडवीत यायचा होता. रात्री तारांवर झाड पडलं आणि वीज गेली. पंप बंद, मोबाइलला रेंज नाही. माझ्या सासूबाईंचं इन्शुलिन फ्रिजमध्ये होतं. काकूंनी ते मातीच्या मडक्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं आणि दर दोन तासांनी फडकं स्वतः भिजवत राहिल्या. काका विहिरीचं पाणी शेंदून सगळ्यांना पुरवत होते. निघताना उरलेल्या मुक्कामाचे पैसे घ्यायला दोघेही तयार नव्हते. त्यांचे पुढचे पाहुणेही रद्द झाले होते आणि या घरांची वर्षाची कमाई बरीचशी मे महिन्यातच होते. ते पैसे आम्ही बळेच ठेवून आलो.

पुढच्या मुक्कामाची खोली ज्या संकेतस्थळावरून घेतली होती, त्यांनी मात्र ‘रद्द करण्याची मुदत संपली आहे’ एवढंच कळवलं. नुकसान आम्ही सोसू. पण पैसे बुडतील या धास्तीनेच लोक इशारा असतानाही घाट उतरतात, हे मला डोळ्यांनी दिसलं. आम्ही फोंडा घाटातून वर येत होतो, तेव्हा त्या धुक्यात आणि पावसात मुलांनी भरलेल्या गाड्या एकामागून एक खाली कोकणात चालल्या होत्या.

आपल्याकडे पावसाळ्याची सगळी व्यवस्था तारखेवर बांधलेली आहे. मासेमारीची बंदी १ जूनपासून, कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक यंदा १५ जूनपासून. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही दरवर्षी मेअखेरीस ठरल्या दिवशी बंद होतात. यंदा होडीवाल्यांनी आकाश आणि इशारा पाहून त्या आधीच वर ओढल्या. मुलं हिरमुसली, पण होडीवाल्यांनी केलं ते अगदी योग्य केलं. हाच शहाणपणा आरक्षणाच्या नियमांत का येऊ नये? जिल्ह्याला नारिंगी किंवा लाल इशारा असेल, तर मुक्कामाची तारीख एकही रुपया न कापता पुढे नेता आली पाहिजे. त्याचा सगळा भार काकूंसारख्या घरधन्यांवर टाकू नये. संकेतस्थळांनी त्या आरक्षणावरची दलाली सोडावी. शिवाय निवास-न्याहारी योजनेत नोंदलेल्या घरांची यादी शासनाकडे आहेच. इशारा निघताच त्यांना आणि त्यांच्यामार्फत येणाऱ्या पाहुण्यांना त्याच दिवशी मराठीत संदेश जावा.

पुढच्या उन्हाळ्याची आरक्षणं दिवाळीनंतर सुरू होतील. पर्यटन खात्याने त्याआधी हा नियम करावा आणि आपल्या दैनिकाने त्याचा पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, मिरज