मुलीच्या नावातून मी माझंच नाव गाळलं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाण्याच्या नौपाड्यात गोखले रोडच्या आतल्या एका गल्लीत माझं झेरॉक्सचं आणि फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. त्याआधी ११ वर्षं मी कोर्ट नाक्याला टाइपरायटर मांडून बसायचो. रेशनकार्ड, पॅन, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट. लोकांची नावं लिहिण्यातच माझं आयुष्य गेलं. तरीही मी स्वतःच्या मुलीचं नाव अर्जात चुकीचं लिहिलं आणि त्यापायी तिला ब्रिटनच्या नागरिकत्वासाठी लागणाऱ्या परीक्षेच्या दारातून परत यावं लागलं. आणखी कुणाच्या घरी असं घडू नये म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मुलगी लेस्टरला नोकरी करते. तिकडे कायमचं राहायचं असेल किंवा पुढे नागरिकत्व घ्यायचं असेल, तर १८ ते ६४ वयाच्या बहुतेकांना ‘लाइफ इन द यूके’ ही परीक्षा द्यावी लागते. संगणकावर २४ प्रश्न, वेळ ४५ मिनिटं, आणि पास व्हायला १८ उत्तरं बरोबर यावी लागतात. फी ५० पौंड, म्हणजे आपले साडेपाच हजारांच्या वर रुपये. नोंदणी फक्त त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर होते आणि ती परीक्षेच्या किमान तीन दिवस आधी करावी लागते. एकदा पास झालं की तोच निकाल कायम वास्तव्याच्या अर्जाला चालतो आणि नंतर नागरिकत्वाच्या अर्जालाही चालतो.

गौरी-गणपतीला ती घरी आली होती. विसर्जन झाल्यावर एका संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही दोघं नोंदणीला बसलो. ती म्हणाली, “बाबा, तुम्हीच भरा, तुमचा हात बसलेला आहे.” पासपोर्ट माझ्या डाव्या हाताला उघडा होता. त्यावरून मी नंबर उतरवला, दोनदा ताडून पाहिला. मुदत संपण्याची तारीख उतरवली, जन्मतारीख उतरवली. नाव मात्र पाहून लिहिलं नाही. मुलीचं नाव बापाला वाचून कशाला लिहावं लागतं, असं मला वाटलं. पहिल्या रकान्यात तिचं नाव, दुसऱ्यात आडनाव. तिकडे ती एवढंच लावते. बँकेचं कार्ड, पगाराचा कागद, घरभाड्याचा करार, सगळीकडे दोनच शब्द आहेत. ५० पौंड तिच्या कार्डावरून गेले, पावती आली, आम्ही शटर ओढून घरी गेलो.

ऑक्टोबरमध्ये परीक्षेच्या दिवशी दुपारी पावणेतीनला तिचा फोन आला. तिकडे तेव्हा सव्वादहा वाजले होते. दहाच्या परीक्षेला ती वेळेच्या आधीच पोहोचली होती. दारावरच्या बाईंनी पासपोर्ट घेतला, पडद्यावरची नोंद पाहिली आणि पासपोर्टातल्या नावाच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे मुलीच्या नावापुढे माझं नाव छापलेलं आहे. नोंदणीत ते नव्हतं. मुलगी म्हणाली, “ते माझ्या वडिलांचं नाव आहे.” त्यांनी शांतपणे सांगितलं, “या पासपोर्टात ते तुमच्या नावाचा भाग आहे.” तिला परीक्षेला बसता आलं नाही आणि पैसेही बुडाले. नियमच तसा आहे. ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव अक्षरशः एक असावं लागतं. चूक लक्षात आली तर परीक्षेच्या किमान २४ तास आधी त्यांच्या हेल्पलाइनला कळवून दुरुस्ती करून घेता येते. ते मी फोन ठेवल्यावर वाचलं.

माझा राग त्या बाईंवर नाही. त्यांच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं. मला लागलं ते वेगळंच. तीन महिने रोज रात्री तिने अभ्यास केला होता. कधी कधी फोनवर मला वाचून दाखवायची. मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी सनद, १२१५ सालची. बायकांना मत मिळालं १९१८ ला, पण वयाची तिशी ओलांडलेल्यांना आणि तेही अटी घालून; पुरुषांच्या बरोबरीने मिळायला १९२८ उजाडलं. बंगालकडून गेलेल्या शेख दीन महंमद नावाच्या आपल्या माणसाने १८१० साली लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाचं हॉटेल काढलं, हे तर मी दुकानात येईल त्याला सांगत होतो. एवढं सगळं डोक्यात घेऊन पोरगी गेली आणि बापाच्या हातून सुटलेल्या एका शब्दामुळे परत आली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात माझा स्वतःचा पासपोर्ट उघडून बसलो. हे मी आधी कधीच नीट केलं नव्हतं. वाचकांनीही आज घरचा पासपोर्ट काढून पाहावा. फोटोच्या पानावर आधी आडनावाची ओळ असते आणि तिच्याखाली नावाची. आपल्यापैकी पुष्कळांच्या नावाच्या ओळीत दोन शब्द असतात, स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं. शेवटच्या पानावर वडिलांचं नाव वेगळं छापलेलं असतंच, त्यामुळे पहिल्या पानावरचं ते आपण नजरेआड करतो. पण पानाच्या तळाशी बाणाच्या टोकांसारख्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात. प्रत्येक ओळीत ४४ घरं. यंत्र वाचतं त्या याच ओळी. मुलीच्या पासपोर्टात तिथे आधी आडनाव येतं, मग दोन खुणा, मग मुलीचं नाव, एक खूण आणि लगेच माझं नाव. पुढची घरं खुणांनीच भरलेली. वडिलांचं नाव म्हणून वेगळी जागा त्या ओळीत नाही. आडनाव सोडून जे काही आहे ते सगळं ‘तुमचं नाव’.

आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही शाळेच्या हजेरीपासूनची सवय. मधलं नाव म्हणजे ओळख पटवण्याची सोय. ते कधी लावायचं, कधी सोडायचं, हे आपण सहज ठरवतो. विजेच्या बिलावर एक, पॅनवर दुसरं, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर तिसरं. ठाण्यात त्यावाचून फार अडत नाही, अडलंच तर प्रतिज्ञापत्र करून भागतं. परदेशातल्या काउंटरवर हे प्रतिज्ञापत्र कुणी विचारत नाही.

त्या दिवसापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक परदेशी अर्जाला मी पासपोर्ट समोर ठेवून, त्यातली अक्षरं एकेक करून मोठ्याने वाचून नाव लिहितो. अर्जदाराला ती पुन्हा वाचायला लावतो. लोक कंटाळतात. घोडबंदर रोडच्या एक ताई चिडल्याच, की “काका, माझं नाव मला माहीत आहे.” त्यांच्या पासपोर्टवर लग्नाआधीचं नाव होतं आणि अर्जात त्या सासरचं लिहायला निघाल्या होत्या. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदलणं सक्तीचं नाही, हे अनेकींना कुणी सांगितलेलंच नसतं. बदलायचं तर ते परदेशी अर्ज सुरू होण्याआधी बदलावं; अर्ज मध्यावर असताना नाही.

ओळखीतले काही जण मला विचारतात, मुलीला नागरिकत्व कशाला घेऊ देता? तिचा तो निर्णय आहे आणि तो सोपा नाही. १९५५ च्या आपल्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारताचं संपतं. ज्या पासपोर्टवर तिच्या नावाला चिकटून माझं नाव आहे तो पासपोर्ट तिला परत करावा लागेल, मग परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डासाठी अर्ज. म्हणजे हे नाव अजून किमान चार अर्जांतून जायचं आहे. ती दुसऱ्यांदा परीक्षेला बसली आणि पास झाली. त्या वेळी नोंदणी तिने एकटीने केली आणि शेवटचं बटण दाबण्याआधी मला फोटो पाठवला. माझं नाव जागेवर होतं.

आता माझी मुख्य विनंती, आणि ती सरकारला आहे. १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशा क्रमाने लिहायचं, असा निर्णय राज्य सरकारने घेतला. तो मला मनापासून आवडला. नऊ महिने वाढवणाऱ्या आईचं नाव कागदावर यायला फार उशीर झाला होता. पण कागदपत्रं राज्याची आणि पासपोर्ट केंद्राचा. हे चार शब्द पासपोर्टच्या दोन ओळींत कसे बसवायचे, हे आमच्यासारख्या फॉर्म भरणाऱ्यांना, सेवा केंद्रांना आणि शाळांच्या कारकुनांना एका पानाच्या मराठी परिपत्रकात नमुन्यासकट सांगावं. आज ही मुलं मांडीवर आहेत. पंचवीस-तीस वर्षांनी त्यांतली कितीतरी कुठल्या ना कुठल्या देशाच्या काउंटरवर पासपोर्ट घेऊन उभी असतील आणि समोरचं माणूस ओळीवर बोट ठेवून वाचत असेल.

परवाच कळव्याहून एक तरुण जोडपं दुकानात आलं. बाळ कापडी झोळीत झोपलं होतं. त्याचा पासपोर्ट काढायचा आहे, कारण वडिलांची बदली दुबईला झाली आहे. आई म्हणाली, “काका, माझं नाव आलंच पाहिजे हं, नियम आहे आता.” वडील म्हणाले, “नको, तिकडे लांबलचक नावाचा त्रास होतो.” दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी आडनावाचा रकाना भरला, जन्मतारीख भरली आणि नावाचा रकाना तसाच ठेवून त्यांना सोमवारी यायला सांगितलं.

मुलीची प्रक्रिया अजून चालू आहे, म्हणून माझं नाव छापू नये ही विनंती.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे